समुद्रकाठच्या घराचे कुलूप : निवड आणि निगा

आपल्या मंडळाचे बहुसंख्य सभासद नोकरीधंद्यानिमित्त मुंबई, ठाणे, कल्याण, पनवेल या भागांत राहत असले, तरी त्यांचे गावचे घर रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यात, समुद्राच्या वा खाडीच्या जवळ आहे. वडीलधाऱ्यांनी पोटाला चिमटा काढून बांधलेली ही घरे वर्षातील बराच काळ बंद असतात. मे महिन्याच्या सुट्टीत कुटुंब गावी जाते, प्रवासाने दमलेली मुले ओटीवर बसतात आणि किल्ली कुलपात फिरत नाही, हा अनुभव आपल्या वाडीत नवा नाही. मग शेजारच्या घरातून हातोडा येतो, कुलूप तुटते, सोबत कोयंडाही उखडतो, आणि सुट्टीचा पहिला दिवस सुताराच्या शोधात जातो.

यात चोराचा काही संबंध नसतो. किनाऱ्यावर कुलपाचा पहिला शत्रू चोर नसून मीठ आहे, हे ध्यानात घेतले तर कुलूप कोणते घ्यावे आणि ते कसे सांभाळावे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळू लागतात. प्रस्तुत लेखात आम्ही याच दोन प्रश्नांचा विचार करीत आहोत. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनाही तो उपयोगी पडेल अशी आशा आहे.

१) मीठ कुलपापर्यंत कसे पोहोचते?

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार हवेत उडतात आणि वाऱ्याबरोबर जमिनीकडे येतात. किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काही शे मीटरांत हे मीठ सर्वांत जास्त बसते. पुढे ते कमी होत जाते, परंतु मोकळ्या माळावर, खाडीच्या तोंडाशी आणि पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांवर ते बरेच आतपर्यंत पोहोचते. वादळात तर त्याला सीमाच राहत नाही. ३ जून २०२० रोजी अलिबाग-श्रीवर्धन भागात किनाऱ्यावर आलेले ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

मीठ नुसते बसून राहत नाही, ते हवेतील ओलावा शोषून घेते. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ पाझरू लागते. स्वयंपाकघरातील मिठाची बरणी पावसाळ्यात ओलसर होते, ती याच कारणाने. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते याहून कितीतरी कमी आर्द्रतेत पाणी ओढतात. म्हणून बाहेर कोरडे ऊन असतानाही कुलपाच्या पोटात खारट ओल टिकून राहते.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पडवीच्या आत असलेले, पावसाचा थेंबही न लागणारे कुलूप सुरक्षित आहे असा आपला समज असतो. वस्तुस्थिती उलट असू शकते. उघड्यावरच्या लोखंडावरचे मीठ पाऊस धुऊन नेतो, तर आडोशाच्या कुलपावर ते थरावर थर साचत जाते. तेव्हा आडोशाच्या कुलपालाही गोड्या पाण्याने धुण्याची गरज असते.

२) गंज म्हणजे काय?

लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू यांच्या संयोगाने गंज तयार होतो. मिठामुळे पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे ही क्रिया फार वेगाने होते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जास्त जागा व्यापतो. कुलपाच्या आतील फटी केसाएवढ्या असतात. तेथे थोडा गंज फुगला तरी दांडा अडकतो, स्प्रिंग तुटते आणि किल्ली फिरत नाही. बाहेरून चकचकीत दिसणारे कुलूप आतून निकामी का होते, त्याचे कारण हेच.

दोन वेगळे धातू खाऱ्या ओलीत एकमेकांना चिकटून राहिले तर तेथे एक लहानसा विद्युतघटच तयार होतो. त्यात दुबळा धातू झिजतो आणि दुसरा शाबूत राहतो. पितळी पट्टीला लोखंडी स्क्रू मारले की स्क्रू लवकर खलास होतात. पट्टी मोठी आणि स्क्रू लहान असल्याने सगळा मारा त्या लहान स्क्रूवर येतो. नवे पितळी कुलूप जुन्या लोखंडी कोयंड्यात अडकवले तर कोयंडा अधिक वेगाने झिजतो. म्हणून कुलूप, कडी-कोयंडा आणि स्क्रू शक्यतो एकाच जातीच्या धातूचे असावेत.

विद्यार्थ्यांसाठी प्रयोग : चार सारखे लोखंडी खिळे घ्यावेत. पहिला कोरड्या बाटलीत, दुसरा साध्या पाण्यात अर्धा बुडवून, तिसरा मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून आणि चौथा मशीनचे तेल लावून मिठाच्या पाण्यात अर्धा बुडवून ठेवावा. आठ दिवस रोज पाहून वहीत नोंद करावी. कुलपाला तेल का द्यायचे, हे पुस्तकापेक्षा या चार खिळ्यांवरून चांगले समजेल.

३) कोणत्या धातूचे कुलूप घ्यावे?

लोखंडी कुलूप : स्वस्त आणि मजबूत, परंतु किनाऱ्यावर अल्पायुषी. वर दिलेला निकेल वा क्रोमचा मुलामा एकदा कोठे खरचटला की त्या टिंबातून गंज आत शिरतो.

जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव कुलूप : बाजारात पितळेच्या रंगाची बरीच कुलपे मुळात या जातीची असतात. खाऱ्या हवेत त्यांच्यावर पांढरी भुकटी आणि फोड येतात. वजनाने ती पितळेपेक्षा हलकी असतात.

पितळी कुलूप : तांबे आणि जस्त यांचे पितळ लोखंडासारखे गंजत नाही, म्हणून किनाऱ्यावर ते जुने विश्वासाचे आहे. काळपट वा हिरवट थर येतो, तो बहुधा वरवरचा असतो. मात्र पितळेवर तांबूस डाग पडून तो भाग ठिसूळ झाला, तर त्यातील जस्त निघून गेले असे समजावे आणि कुलूप बदलावे. पितळी कुलपाचा दांडा पुष्कळदा लोखंडी असतो व तोच आधी जातो. म्हणून पितळी अंग आणि स्टेनलेस स्टीलचा दांडा अशी जोडी मागून घ्यावी.

पितळेचे आणखी एक वैर अमोनियाशी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांत ठेवली जात, तेव्हा त्यांना आपोआप भेगा पडत. जनावरांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण पुढे उघड झाले. तेव्हा गोठ्याच्या दाराला पितळी कुलपापेक्षा स्टेनलेस स्टीलचे बरे.

स्टेनलेस स्टील : यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अदृश्य संरक्षक थर तयार होतो. ३०४ क्रमांकाच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ क्रमांकाच्या स्टीलमध्ये यांच्या जोडीला २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि त्यामुळे ते मिठाचा मारा अधिक सोसते. अगदी वाळूच्या कडेला घर असेल तर ३१६, आणि गावात आत असेल तर ३०४ पुरते. ‘स्टेनलेस’ म्हणजे कधीच डाग न पडणारे असे मात्र समजू नये. मीठ साचू दिले तर त्यावरही तपकिरी ठिपके येतात.

दुकानात जाताना खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावे. पितळी म्हणून दाखवलेल्या कुलपाच्या अंगाला ते घट्ट चिकटले तर आत लोखंड आहे हे नक्की. न चिकटल्यास ते पितळ किंवा जस्त असेल, त्याचा निवाडा वजनावरून करावा. चुंबकाला घट्ट धरणारे स्टेनलेस स्टील सहसा स्वस्त जातीचे असते आणि लवकर डागाळते.

काही चांगल्या कुलपांच्या खोक्यावर मीठ-फवारणी चाचणीचे तास छापलेले असतात. या चाचणीत ३५ अंश सेल्सिअस तापमानात ५ टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा मारतात. ईएन १६७० या युरोपीय मानकात तिसरी श्रेणी ९६ तासांची, चौथी २४० तासांची व पाचवी ४८० तासांची आहे. किनाऱ्यासाठी चौथी वा पाचवी श्रेणी शोधावी.

४) कुलपाची आतील रचना

कुलपांत मुख्यतः दोन प्रकार आढळतात. लिव्हरच्या कुलपात एकावर एक पातळ पट्ट्या असतात. किल्लीचे दात त्या सर्वांना नेमक्या उंचीवर उचलतात, तेव्हा खटका सरकतो. पिनांच्या कुलपात लहान पिना आणि त्यांच्यावर नाजूक स्प्रिंगा असतात. हा दुसरा प्रकार अमेरिकेत लायनस येल (धाकटे) यांनी १८६० च्या दशकात आजच्या रूपात आणला. आपल्याकडे मुंबईच्या लालबागमध्ये अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना सुरू केला, आणि अलीगढ हे शहर तर कुलपांसाठीच प्रसिद्ध आहे. म्हणजे दोन्ही प्रकारांची चांगली कुलपे आपल्या देशात मिळतात.

लिव्हरचे भाग जाड व मोकळे असल्यामुळे ते थोडी धूळ आणि वाळू सहन करतात. पिनांची स्प्रिंग साध्या पोलादाची असेल तर ती गंजून तुटते. पिनांचे कुलूप घ्यायचे असल्यास सिलिंडर पितळी आणि स्प्रिंगा गंजरोधक आहेत ना, हे विचारावे. किल्लीच्या भोकावर सरकते झाकण असावे, आणि टांगत्या कुलपाच्या बुडाला पाणी निथळण्याचे भोक असावे. हे भोक मेणाने किंवा चिखलाने बुजवू नये.

बोटाच्या ठशाने वा आकड्यांनी उघडणारी विजेरी कुलपेही आता मिळतात. कायम वस्तीच्या घराला ती चालतील, परंतु सोबत साधी किल्लीही चालणारीच निवडावीत. सहा-सहा महिने बंद राहणाऱ्या घराला ती आम्ही सुचवणार नाही. बॅटरी संपते, पाझरते, आणि तिची टोके खाऱ्या हवेत हिरवी पडतात.

५) कुलपाइतकेच दारही महत्त्वाचे

महागडे कुलूप आणि दोन खिळ्यांवर लटकलेला कोयंडा, अशी स्थिती अनेक घरांत दिसते. चोर कुलपाशी झटत बसत नाही, पहार घालून कोयंडा उचकटतो. कोयंडा लाकडातून आरपार जाणाऱ्या बोल्टांनी बसवावा व नट आतल्या बाजूस असावेत. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे घेतल्यास थोडे जास्त पैसे पडतात, पण ते एकदाच.

पावसाळ्यात लाकूड फुगते. दार चौकटीत घट्ट बसते, खटका आपल्या खाचेसमोर येत नाही आणि आपण मात्र जोर लावून किल्ली वाकवतो. कुलूप बिघडले असे वाटते तेव्हा आधी दार किंचित ओढून किंवा उचलून पाहावे. तसे करून किल्ली फिरली तर दोष कुलपाचा नाही. सुताराकडून दाराची कड तासून घ्यावी, बिजागऱ्या घट्ट कराव्यात आणि तासलेल्या जागी लगेच रंग वा वॉर्निश लावावे, नाहीतर तेथूनच पाणी शिरेल.

जुन्या घरांत आतून लावण्याचा लाकडी अडसर असे. त्याला मीठ काही करू शकत नाही. रात्री घरात माणसे असताना आतून अडसर आणि बाहेर जाताना कुलूप, ही जुनी व्यवस्था आजही उत्तम आहे.

६) निगा : वर्षावासापूर्वी आणि वर्षावासानंतर

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतचा वर्षावास आपण पाळतो. पावसाळ्याचे हे तीन महिने भिक्खू एका ठिकाणी राहत. आम्हांस असे वाटते की, कुलपाच्या निगेसाठी याहून सोपे वेळापत्रक नाही. वर्षावास सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा, अशी वर्षातून किमान दोनदा प्रत्येक कुलपाची निगा घ्यावी. राहत्या घरात दर दोन-तीन महिन्यांनी, व वादळानंतर ताबडतोब.

टांगत्या कुलपासाठी कृती अशी :

(अ) कुलूप उघडून स्वच्छ गोड्या पाण्यात बुडवावे. पाण्यातच किल्ली चार-पाच वेळा फिरवावी, म्हणजे आतील मीठ विरघळून निघेल.
(आ) झटकून पाणी काढावे व भोक खाली ठेवून अर्धा दिवस उन्हात वाळवावे.
(इ) शिलाई मशीनच्या पातळ तेलाचे दोन-तीन थेंब किल्लीच्या भोकात आणि दांड्याच्या दोन्ही भोकांत सोडावेत. किल्ली दहा-बारा वेळा फिरवून जादा तेल पुसून टाकावे.
(ई) दांडा, कडी-कोयंडा आणि स्क्रूंच्या डोक्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवावा.
(उ) कुलूप बाहेरच्या बाजूस असेल तर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा वरून झडपेसारखा सोडावा. प्लॅस्टिकची पिशवी गच्च बांधू नये. त्यात ओल कोंडते व गंज उलट वाढतो.

दारात बसवलेल्या लॅचवर किंवा मॉर्टाइज लॉकवर पाणी ओतू नये. ओल्या फडक्याने मीठ पुसावे, कोरडे करावे आणि टेफ्लॉनचा कोरडा स्प्रे भोकात मारावा.

तेलाच्या बाबतीत आपल्याकडे काही चुकीच्या सवयी आहेत. खोबरेल तेल थंडीत गोठते व काही महिन्यांत चिकट होते. गोडेतेलाचेही तसेच. जाड ग्रीसला वाळू धरते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घाटावरच्या कोरड्या हवेत चांगली, परंतु खाऱ्या ओलीत ती आजूबाजूच्या धातूची झीज वाढवू शकते. शिवाय पूड आणि तेल एकत्र झाले की त्याचा लगदा होतो. म्हणून कोणतेही एकच वंगण धरावे.

पितळी कुलूप चिंच-मिठाने किंवा आमसुलाने घासून लखलखीत करण्याचा मोहही टाळावा. भांड्यांना ते ठीक आहे, कारण भांडे आपण आत-बाहेर धुतो. कुलपाच्या पोटात गेलेले आम्ल आणि मीठ मात्र तेथेच राहते.

कुलूप अडकलेच तर किल्लीला पकड लावून पिळू नये. गंज सोडवणारा स्प्रे मारून काही वेळ थांबावे, लाकडाच्या ठोकळ्याने हलके ठोकावे आणि किल्ली अलगद मागे-पुढे करावी. न जमल्यास पुन्हा स्प्रे मारून रात्रभर ठेवावे. विस्तव लावू नये, स्प्रे पेट घेतो.

७) किल्ली आणि माणूस

प्रत्येक कुलपाच्या तीन किल्ल्या असाव्यात : एक आपल्याजवळ, एक शहरातील दुसऱ्या नातेवाइकाकडे आणि एक वाडीतील विश्वासू शेजाऱ्याकडे. किल्लीला घरमालकाचे नाव-गाव लिहिलेली चिठ्ठी बांधू नये, नुसता रंगीत दोरा पुरे. कुंडीखाली वा कौलाखाली ठेवलेली किल्ली घरच्यांपेक्षा परक्यांना आधी सापडते. शेजाऱ्याने महिन्यातून एकदा दार उघडून घराला हवा दिली, तर कुलूपही फिरते राहते आणि घरही. जे कुलूप फिरत राहते ते सहसा अडकत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. म्हाताऱ्या आईवडिलांना किंवा लहान मुलांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत काही घरांत आहे. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून माणूस बाजारात जातो. आत चूल आहे, गॅस आहे, विजेची वायर आहे. आग लागली आणि बाहेरचे कुलूप गंजाने अडकले, तर ते घर क्षणात सापळा होते. आम्ही कळकळीने सांगतो की, माणूस आत असताना बाहेरून कुलूप लावू नये. घराला बाहेर पडण्याची एकच वाट असेल तर तेथे आतूनही किल्ली लागणारे कुलूप बसवू नये. आतून हाताने फिरणारा खटका असलेले घ्यावे. लोखंडी ग्रीलला आतून कुलूप असल्यास त्याची किल्ली जवळच एका ठरलेल्या खिळ्याला असावी, आणि ती जागा घरातील लहान मुलालाही ठाऊक असावी. मालमत्ता जपण्यासाठी कुलूप आहे, पण माणूस मालमत्तेहून मोठा आहे.

८) विहाराचे कुलूप

जे घराचे तेच आपल्या बुद्धविहाराचे. विहारात ग्रंथ आहेत, सतरंज्या आहेत, ध्वनिक्षेपक आहे, दानपेटी आहे. हे सर्व समाजाच्या वर्गणीतून आलेले आहे. किल्ल्या कोणाकडे आहेत याची नोंद वहीत असावी, पदाधिकारी बदलले की ती नोंदही बदलावी, आणि एखादी किल्ली हरवली तर कुलूप बदलावे. मे महिन्यात मुंबईकर मंडळी गावी असतात. त्या महिन्याच्या एका रविवारी युवकांनी विहाराची आणि वाडीतील वृद्धांच्या घरांची कुलपे धुऊन, वाळवून, तेल देऊन द्यावीत. तेलाची एक बाटली आणि एक सकाळ एवढाच खर्च. मुलींनीही हे काम शिकावे. कुलूप दुरुस्त करण्यासाठी पुरुषच लागतो असे काही नाही.

समारोप

पंचशीलातील दुसरे शील न दिलेली वस्तू घेऊ नये असे शिकवते. ते सर्वांनी पाळले असते तर कुलपाची गरजच उरली नसती. तोवर कुलूप लागणार. परंतु कुलूप लावले म्हणजे आपले कर्तव्य संपले असे नव्हे. तथागतांनी अप्रमादाला, म्हणजे सतत सावध व दक्ष राहण्याला, फार मोठे स्थान दिले आणि महापरिनिर्वाणाच्या वेळीही त्याचाच उपदेश केला. सर्व संस्कारित वस्तू अनित्य आहेत. लोखंडही अनित्य आहे, आणि किनाऱ्यावर हे अनित्यत्व डोळ्यांदेखत दिसते. वस्तू नाशवंत आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करावे, असा याचा अर्थ नाही. नाशवंत आहे म्हणूनच तिची वेळेवर निगा घ्यावी.

भारी किमतीचे पण दुर्लक्षित कुलूप आणि साधे पण वर्षातून दोनदा धुतलेले, तेल दिलेले कुलूप, यांत आम्ही दुसऱ्यावर भरवसा ठेवू. सभासद बंधू-भगिनींनी येत्या वर्षावासापूर्वी आपल्या गावच्या घराचे कुलूप एकदा काढून पाहावे, एवढीच विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!